बाबल राजा, मी मांडलिक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. माझ्या फजितीच्या गोष्टी तशा गोव्यातल्या आमच्या सगळ्या साखळी शहराला पाठ आहेत — स्वतःच्याच साखरपुड्याला चुकीच्या बसमध्ये चढून वाळपईला पोचलो ती, भाषणाला उभा राहिलो आणि खिशातून वाण्याची यादी काढून वाचायला लागलो ती. त्या मीच सांगत फिरतो. लोक हसतात, मीही हसतो. पण अलीकडे वाटायला लागलंय — मी त्या एवढ्या हौसेनं सांगतो, ते ही एक सांगायची वेळ येऊ नये म्हणूनच की काय?

आणि बघा, हिची सुरुवातही हसण्यासारखीच आहे. चाळिशी ओलांडलेला एक माणूस कंप्युटरवर गेम खेळत होता.

साखळीच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. दोन कंप्युटर. दुपारी एक ते चार बाजार झोपतो, तेव्हा मी शटर अर्धं ओढायचो आणि गेम लावायचो. म्हापशाच्या एका दुकानदारानं सीडी दिली होती. जुन्या काळातलं युरोप — राजे, सरदार, किल्ले, लग्नं, दगे. गोळ्या झाडायच्या नाहीत, उड्या मारायच्या नाहीत. नुसता नकाशा समोर. आपल्या मुलखाचा रंग पसरवत न्यायचा, एवढंच. ज्याला सरकारी फॉर्म भरून देण्यापलीकडे आयुष्यात काही पसरवता आलं नाही, त्याला याची गोडी लागणारच.

सोबत बाबल असायचा. बाबल खाणीवरच्या ट्रकचा ड्रायव्हर, मूळचा दोडामार्गाकडचा. गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या पाचसहा वर्षांत कधीतरी तो इकडे आला आणि साखळीजवळच्या आमच्याच गावात, वेशीजवळच्या भाड्याच्या दोन खोल्यांत बायकोला घेऊन राहिला. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. दिवसभर खनिज भरून आमोण्याच्या धक्क्यावर ओतायचं, हे त्याचं काम. पावसाळ्यात खाणीचं काम थंडावलं की तो माझ्या दुकानात. मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायचा, पण इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. हे लक्षात ठेवा.

गेममध्ये दोन जागा होत्या. एक राजाची, एक त्याच्या मांडलिकाची. मी बाबलला राजा केलं. मोठ्या मनानं? छे. राजावर चारी बाजूंनी शत्रू चालून येतात. मांडलिकानं वेळेला थोडं सैन्य पाठवायचं आणि उरलेला काळ त्या छत्राखाली फोफावायचं — विहिरीकडच्या अळवासारखं. हे सगळं इंग्रजी माहितीत लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं. बाबलला सांगितलं नव्हतं.

गावांची नावं बदलता यायची. त्यानं राजधानीला आपल्या गावाचं नाव दिलं. माझ्या सगळ्यात मोठ्या किल्ल्याला मी आमोणे म्हटलं, तर तो म्हणाला, बरं झालं, आता दिवसभर आमोणे आणि दुपारीही आमोणे.

त्याच्या पडद्यावर पत्रं यायची. इंग्रजीत. तो म्हणायचा, "वाच बगू, काय म्हणता तां." आणि मी वाचायचो.

इथून माझी लबाडी सुरू होते, पण ही ती नव्हे. ही लहान. मी बाबलच्याच दुसऱ्या मांडलिकांचा मुलूख गिळायला लागलो होतो. गेममध्ये त्यासाठी खोटा वारसा उभा करता येतो — एखादा कारकून धाडायचा, तो जुनी कागदपत्रं 'शोधून' आणतो. मग राजाला पत्र जातं: तुझा अमुक सरदार तुझ्याच तमुक सरदारावर चालून जातोय, थांबवायचं का? मी ते पत्र बाबलला वाचून दाखवायचो — "यंदा पीक चांगलं आलंय, महाराज." तो खूश होऊन म्हणायचा, असूं दे, असूं दे. आणि मी त्याच्याच माऊसनं 'थांबवू नको'वर टिचकी मारायचो.

हसू आलं ना? मलाही यायचं.

दोन पावसाळे हे चाललं. माझा हिरवा रंग नकाशावर शेवाळासारखा पसरत गेला. पण ट्रक चालवणाऱ्या माणसाची नजर — आरशात मागून काय येतंय ते त्याला न बघता कळतं. एका दुपारी दुकानात दोघे-तिघे गिऱ्हाईक झेरॉक्ससाठी थांबलेले, आणि बाबल नकाशाकडे बघत शांतपणे म्हणाला की हे हिरवं फारच झालंय. मला न विचारता त्यानं दोनचार बटणं दाबली. चिन्हं त्याला एव्हाना पाठ झाली होती. आमोणे माझ्याकडून काढून घेतलं आणि मी ज्याला लुटलं होतं त्या सरदाराला देऊन टाकलं. रागानं नाही. हसतहसत. न्याय केला म्हणाला.

गिऱ्हाइकांतला एक जण मोठ्यानं म्हणाला, "गांवकाराक ड्रायवरान मुंडकार केलो रे!"

सगळे हसले. बाबलही. गावकर म्हणजे गावचा मूळ मानकरी — म्हणजे मी. मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत, त्याच्या मर्जीवर झोपडी बांधून राहणारा. मी पण हसलो. माझ्यावर हसण्यात तर माझी हयात गेली. पण त्या दिवशीचं हसू मला लागलं. एका खोट्या किल्ल्यासाठी? हो. एका खोट्या किल्ल्यासाठी.

आता खरं सांगायला हवं. किती वळणं घेतली मी.

आमच्या गावात जत्रेला देवाची पालखी घरोघर फिरते. पण प्रत्येक दारात थांबत नाही. ज्या दारांचा मान ठरलेला, तिथंच टेकते. बायका पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घालतात, देवाला ओवाळतात, ओटी भरतात. बाकीच्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून हात जोडायचे. नवं दार जोडायचं असेल तर जत्रेआधीच्या बैठकीत कुणीतरी गावकरानं उठायचं, देवस्थान समितीपुढे नारळ ठेवायचा आणि म्हणायचं की अमक्याच्या दारात पालखी टेकावी. बाहेरून आलेल्यानं स्वतः बोलायची रीत नाही. त्याचा शब्द दुसऱ्यानं पोचवायचा.

बाबलची बायको — शेवंतीवहिनी — वीसेक वर्षं रस्त्याच्या कडेला उभी राहत आली होती. मूलबाळ नव्हतं. तिनं कधी काही मागितलं नाही, फक्त एकदा देव दारात यावा एवढंच. बाबलनं मला विचारलं तेव्हा आमोण्याचा किल्ला अजून माझ्याकडे होता. मी म्हणालो, त्यात काय, मी ठेवतो नारळ. आणि तसं म्हणताना मला खरंच तसं वाटत होतं. हे मी का सांगतोय? मी चांगला दिसावं म्हणून? असेल.

किल्ला गेला त्यानंतर चार दिवसांनी बैठक होती. सकाळी वहिनी स्वतः येऊन नारळ देऊन गेली. सोललेला, शेंडी नीट विंचरल्यासारखी. मी तो कापडी पिशवीत घातला आणि देवळात गेलो.

मंडपात बसलो. दिवाबत्ती कुणाकडे, दशावतारी कुठले आणायचे, मंडपाचे पत्रे — सगळं झालं. मग आबांनी, आमच्या अध्यक्षांनी, सगळ्यांवरून नजर फिरवून विचारलं की आणखी कुणाचं काही आहे का. माझ्यावर त्यांची नजर जरा थांबली असं वाटलं. पिशवी माझ्या मांडीवर होती. मी पिशवीच्या शिवणीकडे बघत बसलो.

एवढंच केलं मी. काहीच केलं नाही.

त्या क्षणी डोक्यात काय होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. आमोणे होतं. ते हसणं होतं. पण त्याच्याखालीही काहीतरी होतं, आणि ते जास्त घाणेरडं आहे. माझ्याकडे होतं काय? एक झेरॉक्सचं मशीन, आणि दारात टेकणारी पालखी. मशीन कुणीही आणू शकतं. पालखी ड्रायव्हरच्याही दारात टेकायला लागली, तर मग मी कोण?

बैठक उठली. बाबल खाली वाटेवर उभाच होता. मी मान हलवत गेलो. म्हणालो, समिती नाही म्हणाली. खूप बोलून बघितलं, पण रीत मोडणार नाही म्हणाले. जशी ती पत्रं वाचून दाखवायचो, अगदी त्याच आवाजात — पीक चांगलं आलंय, महाराज.

त्यानं क्षणभर देवळाकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू सांगलंस मां? बस झाला."

तो नारळ माझ्या घरी राहिला. परत कुठल्या तोंडानं देणार? दोन दिवसांनी बायकोनं विचारलं, हा फोडू का? फोड म्हणालो. तो वाटून आमच्या बांगड्याच्या कालवणात, हुमणात गेला. मी दोनदा भात घेतला.

जत्रेच्या दिवशी पालखीचा पुढचा दांडा माझ्या खांद्यावर होता. त्या वर्षी माझी पाळी होती. बाबलच्या खोल्यांपुढून जाताना बघितलं — अंगण शेणानं सारवलेलं, रांगोळी काढलेली. नाही म्हटलं असूनही. कदाचित देवाला समितीचं कळवलेलं नसेल, अशी आशा माणूस ठेवतोच ना? वहिनी आरतीची तळी घेऊन उंबऱ्यात उभी होती. पाण्याची कळशी शेजारी. पालखी थांबली असती तर तिनं पहिल्यांदा माझ्या पायांवर पाणी घातलं असतं. मी पाऊल उचललं. मागच्यांनी उचललं. तिनं तळी तिथूनच, लांबून ओवाळली.

पुढे खाणी बंद पडल्या. ट्रक रस्त्याकडेला गंजत उभे राहिले, आणि माणसं आपापल्या गावी निघाली. बाबल जायच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात आला. गेम लाव म्हणाला. मग बसून त्यानं एकेक मुलूख माझ्या नावावर केला. आधी आमोणे. मग बाकीचं. राजधानी शेवटी. प्रत्येक वेळी पडद्यावर इंग्रजीत चौकट यायची. "वाच बगू." त्या दिवशी मी शब्दन् शब्द खरा वाचला: हे दिल्यावर तुझ्याकडे काही उरणार नाही, खात्री आहे ना? तो म्हणाला, दाब. सगळा नकाशा हिरवा झाला. नंतर मी तो गेम कधी उघडला नाही — पण याचं श्रेय मला देऊ नका. कंप्युटर बिघडला.

वर्षभरानं आबा कसल्याशा दाखल्याच्या झेरॉक्स काढायला आले. बोलता बोलता बाबलची आठवण निघाली. आबा म्हणाले की चांगला माणूस. त्याच्या दारात पालखी टेकवायला हवी होती, समितीत कुणाचीच हरकत नव्हती, फक्त कुणीतरी नारळ ठेवायला हवा होता. "तुझो इश्ट तो. आमी तुज्याच तोंडाकडेन पळयत रावल्ले," म्हणाले. मित्र माझा, म्हणून सगळे माझ्याच तोंडाकडे बघत थांबले होते. मी म्हणालो, राहूनच गेलं, आबा. आणि झेरॉक्स मोजून त्यांच्या हातात दिल्या.

तेव्हा तरी दोडामार्गाची बस पकडायची होती. तासाभराची वाट. मी गेलो नाही. आज जाऊ, चतुर्थीनंतर जाऊ. गेलो तो शेवंतीवहिनीच्या बाराव्याला.

मनाशी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. बाबल ओसरीवर बसला होता, डोक्यावरचे केस काढलेले. मला बघून उठला, हाताला धरून आत नेलं आणि जमलेल्या सोयऱ्यांना माझी ओळख करून दिली. म्हणाला, हे आमच्या त्या गावचे गावकर. सगळा गाव गप्प असताना आमच्यासाठी एकट्यानं तोंड उघडणारे हेच. ती शेवटपर्यंत ह्यांचं नाव काढायची.

सोयऱ्यांनी मान लववली. वहिनीची थोरली बहीण, सत्तरीची बाई, कंबरेवर हात ठेवून उठली, मला खुर्ची दिली, चहाचा कप स्वतः आणून हातात ठेवला. मग जवळ उभी राहून हळूच म्हणाली, "आमच्यापायी तुमका बरीच बोलणी खावची लागली आसतली."

बाबल माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हणालो, "फारशी नाही." आणि चहा प्यायलो.