चांदीच्या वाटीतले वाटाणे

दादा गेल्याची बातमी मला अकोल्याच्या बाजारात कळली, तीही कापसाच्या ढिगाला टेकून पान चघळणाऱ्या एका दलालाकडून. ‘तीन दिवसांच्या तापात खलास... राजा माणूस होता हो तुमचा भाऊ,’ तो म्हणाला आणि पिंक टाकायला वळला. त्यानंतरच्या दीड महिन्यात ‘राजा माणूस’ हे शब्द मी इतक्या तोंडांतून ऐकले की आता ते कानावर पडताच मला शिसारी येते. गेलेल्याला नावं ठेवू नयेत, हे मलाही शिकवलेलं आहे. पण मी अकोल्यात शाळामास्तर आहे. चुकीच्या उत्तरापुढे बरोबरची खूण करणं मला जमत नाही. माझा भाऊ राजा नव्हता. तो चांगला शेतकरी होता, आणि शेवटची चार-पाच वर्षं तो शुद्ध मूर्ख होता.

आमचं गाव अकोल्याहून पातूरकडे जाणाऱ्या वाटेवर. आईवडील लवकर गेले, त्यामुळे मला वाढवलं ते दादाने आणि राधावहिनीने. विहिरीजवळच्या ओलिताच्या तुकड्यावर वहिनीचा भाजीचा वाफा होता. पावसाळ्यात दोडके आणि गवार, थंडीत वांगी, मेथी, वालाच्या शेंगा, उन्हाळ्यात चिवळ आणि कोहळं. चुलीवर फोडणीचं भांडं चढवायचं आणि मग वांगी तोडायला जायचं, अशी तिची रीत. तोडलेली भाजी तासभर पडून राहिली तर ती मेली, असं ती म्हणे. पौषात तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी केली की दादा ताट धुतल्यासारखं चाटून ठेवी. तेव्हाचा दादा मला आठवतो. अंगणात पाय धुताधुताच तो ओरडून विचारायचा, ‘आज काय रांधलं वं?’

मग अमेरिकेत लढाई पेटली. ती कोणाची कोणाशी, हे आमच्या गावात एकालाही ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं की तिकडचा कापूस बंद झाला आहे आणि विलायतेला आमचा हवा आहे. त्यानंतर गावाला जे झालं त्याला मी वेड म्हणतो, बाकीचे भरभराट म्हणतात. ज्यांच्या अंगावर धड बाराबंदी नव्हती त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली. ज्वारीच्या जागी कापूस, तिळाच्या जागी कापूस, देवळामागच्या पडीकातही कापूस. एका सकाळी दादा नांगर घेऊन विहिरीपाशी उभा राहिला. वांगी फुलावर होती.

‘हे काय करून राहिले तुमी?’ वहिनी धावत गेली.

‘पाण्याची जमीन हाय. सरकी टाकतो.’

‘अन् खाल काय? कापूस?’

‘भाजी काय, बाजारातून येईन. आता आपुन वांगे पिकवणारे राह्यलो का?’

सगळ्यांनी भाजीचे वाफे मोडल्यावर बाजारात भाजी आणणार कोण, एवढा हिशेब माझ्या शाळेतल्या लहान पोरानेही केला असता. दादाला तो सुचला नाही. वहिनी रडली नाही. ती बांधावरचा तरोटा, कापसाच्या तासांत उगवलेली माठाची रानभाजी खुडून आणू लागली आणि तीच रांधू लागली. सोयरे आले असताना तिने ती भाजी वाढली, तेव्हा दादाने ताट सरकवलं. ‘निंदनातलं तण खाऊ घालते मले?’ आठ दिवसांत नागपूरचा आचारी आला आणि वहिनीची तिच्याच चुलीवरून उचलबांगडी झाली. तो आचारी सगळ्यात एकच मसाला घाली. त्याचं वांगं, त्याचं कोहळं आणि त्याचं वरण यांतला फरक फक्त डोळ्यांना कळे.

एका पौषात दादाने बड्या लोकांना पंगत दिली. बांधाबांधावर तुरी शेंगांनी वाकल्या होत्या, आणि हा गृहस्थ मुंबईहून पत्र्याच्या डब्यांतले विलायती वाटाणे मागवून बसला होता! ते डबे उघडायला सुताराची पटाशी लागली. आतून करड्या पाण्यात बुडालेले, बोट लावताच फुटणारे गोळे निघाले. ते चांदीच्या वाट्यांतून वाढले. त्यांना गंजलेल्या खिळ्याचा वास येत होता. तरी मोठमोठ्या पागोट्यांखालची ती तोंडं ‘वा! वा!’ करत होती. मीही त्या पंगतीत होतो. मीही गिळले आणि गप्प बसलो, म्हणून हा तिटकारा मला स्वतःलाही लागू आहे. दादाने हौसेने आत वाटी पाठवली. दाराआडून वहिनीचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, ‘अवो, हे कोनं आधीच चावून ठेवलं हाय का?’ एक जण फस्सकन हसला. दादाने त्यानंतर वर्षभर तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

लढाई संपली, भाव कोसळले. आचारी एके दिवशी न सांगता निघून गेला. चूल पुन्हा वहिनीकडे आली, पण दादाचा ताठा होता तसाच. ती रांधी, तो वरणभात कालवून दोन घास खाई आणि ‘भूक नाई’ म्हणून उठे. आमची शेवटची भेट झाली तेव्हा मी म्हटलं, ‘दादा, तिला एकदा म्हण, चुकलं म्हणून.’ त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातला माणूस नव्हे, उंबऱ्यावर आलेला भिकारी आहे. मी त्याच दिवशी अकोल्याला परतलो. पुन्हा गेलो तो त्याच्या तेराव्याला.

आता गेल्या आठवड्यात घडलं ते सांगतो. मी डाळ निवडणाऱ्या वहिनीपाशी बसलो होतो. ओढ्याकाठची गिरजा माळीण आली. तिचा भाजीचा तुकडा इतका चिंचोळा की त्यात कापूस लावण्याचा मोह कोणाला झालाच नाही. ती उंबऱ्याशी घुटमळली.

‘बाई, सांगू का नको, समजत नाई... मालक रोज दुपारी माह्याकडं येत. भाकर खाले.’

वहिनीने निवडणं थांबवलं. ‘कधीपासून?’

‘आचारी आला तवापासून. म्हनत, कोनाले सांगू नको.’

मला संताप आला. चांदीच्या वाट्या घरात मिरवायच्या आणि भूक चोरासारखी दुसऱ्याच्या दारात भागवायची! जिच्याकडे मागायला हवं ती घरातच उपाशी मनाने बसलेली, आणि याला मागायची लाज. असला मोठेपणा जाळायचाय काय?

वहिनीने मात्र वेगळंच विचारलं. ‘काय खात?’

‘जे निघालं ते. वांग्याचं भरीत, मेथी, कांद्याची पात. तुरीचे दाने असले का मंग पोटभर. अन् खाऊन झालं का म्हनत, बरं हाय... पन तिच्यावानी नाई.’

मग वहिनी उठली, पदर खोचला आणि गिरजेच्या पुढे चालू लागली. मी मागोमाग गेलो. झोपडीसमोर निंबाखाली एक चपटा दगड होता. गिरजेने नुसतं बोट दाखवलं. वहिनी त्यावर मांडी घालून बसली.

‘वाढ,’ ती म्हणाली. ‘बेअक्कल मानूस. पाहू तं दे, काय खाऊन राह्यला होता.’

गिरजेने भाकरीवर भरीत घालून दिलं. पहिला घास वहिनीने बराच वेळ चावला. मग ती म्हणाली, ‘तिखट कमी हाय, गिरजे,’ आणि तेव्हा कुठे, दीड महिन्यानंतर पहिल्यांदा, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.