कॅप्टनबाईंचा पाहुणचार

आता माझी अब्रू मीच काढते, तुम्ही निवांत चहा घ्या. फक्त हसताना ठसका लागू देऊ नका!

आमच्या लातूरच्या शिक्षिकांची क्रिकेट टीम हाय. मी तिची कॅप्टन! का? तर वयानं मोठी, आणि आवाज मैदानभर जातो म्हणून. फायनलला आम्ही पहिल्यांदाच पोचलो होतो. आमची बोलर सुनीता. सासूची बोलणी खाऊन, तान्हं लेकरू घरी ठेवून रोज सरावाला यायची. "मॅडम, औंदा जिंकायचंच," एवढंच तिचं म्हणणं.

समोर लोहा गावाची टीम. आणि त्यांची कॅप्टन कोण? माझी थोरली नणंद!

मॅच लातुरात. म्हणजे नणंद माहेरी आलेली. कळतंय ना, मी कशात सापडले ते?

टॉस मीच जिंकले. अंपायरनं विचारलं, "काय घेता?"

माझ्या तोंडून निघालं, "वन्सं, जीपमधून हादरे खात आलात. तुम्हीच आधी बॅटिंग घ्या. बाकीच्या जणी सावलीत टेकतील तरी!"

झालं. त्यांच्या नऊ जणी लिंबाखाली, आमच्या अकरा जणी उन्हात!

सुनीतानं तिच्या दोन ओव्हरींतच तिघींना परत पाठवलं. मी तिच्या हातातून बॉल काढून घेतला.

"अवो मॅडम, मला चालू ठेवा की!"

"एकटीनंच टाकायचं का गं? बाकीच्यांना वाईट वाटंल."

हळदीकुंकवाला एकही बाई सुटू नये, तसा मी बॉल फिरवला. जिला हात फिरवता येत न्हाई, तिलाही बोलावून बोलावून दिला! वन्सं टोलवून राहिल्या, मी टाळ्या वाजवून राहिले.

तेवढ्यात रन काढताना वन्सं मधेच घसरून पडल्या. सुनीतानं बॉल उचलला आणि थेट दांड्या उडवल्या. आउट! पोरी नाचायला लागल्या. वन्सं कपडे झटकत उठल्या आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. ते बघणं मी लग्नापासून ओळखते हो!

मी हळूच विचारलं, "अंपायरसाहेब, यांना परत खेळू देता येतं का?"

"कॅप्टननं अपील मागं घेतलं तर येतं."

एवढा अधिकार मला घरात कधी कुणी दिला न्हाई! लगेच घेतलं मागं.

सुनीता ओरडली, "मॅडम, काय करून राहिल्या तुम्ही?"

"अगं, माहेरी आलेल्या बाईला असं हिरमुसून कसं पाठवायचं?"

पुढं वन्संनी अशी धुलाई केली, की बॉल शोधायला शेजारच्या डाळमिलीत जावं लागलं. आम्ही हरलो. कितीनं, ते विचारू नका.

सुनीता कोपऱ्यात बसून बुटाची नाडी सोडत होती. वर बघेना. तिला काय सांगू, काय सांगू, करत मी निघाले, तोच माईकवर पुकारा झाला, "विजेत्या संघाच्या कॅप्टन!"

वन्संनी माझाच दंड धरला. "चला वैनी. आमच्यासाठी तुमच्याएवढं कुणीच खेळलं न्हाई!"

तिथं तरी नको म्हणायचं ना? पण नणंदेचा शब्द मोडायचा कसा? गेले! कपाचा एक कान त्यांनी धरला, एक मी.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली छापलेलं, 'लोह्याचा विजयी संघ'.

सांगायलाही लाज वाटते. त्यात सगळ्यात जास्त दात माझेच दिसून राहिलेत!