टाळावरची स्पॅनिश

मुलांनो, टाळ वाजवल्याशिवाय ज्याच्या तोंडून क्रियापद निघत नसे असा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच होता, आणि तो नेमका आमच्या भिंतीपलीकडे राहत होता. पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. तुमची आई तेव्हा शाळेत जायची. हे शेजारी कापडगिरणीतून निवृत्त झालेले. घरात तेलुगू, दारात मराठी आणि गिरणीत उर्दू बोलून आयुष्य काढलेले. मुलगी लग्न करून मेक्सिकोला गेली, आणि तिथे वाढणारी नात फक्त स्पॅनिश बोलू लागली. ती सुट्टीत येणार असं कळताच आजोबांनी स्पॅनिश शिकायचं ठरवलं. मुलीने पाठवलेलं पुस्तक इंग्रजीत, म्हणून ते घेऊन माझ्याकडे आले. "बाई, तुमाला इंग्रजी येतंय की! तुमी वाचा, मी बोलतो."

पुस्तकात प्रत्येक क्रियापदाचे तुकडे पाडले होते आणि जोर द्यायचा तुकडा ठळक छापला होता. मी समजावलं: 'कोमो' म्हणजे मी खातो, जोर 'को'वर, 'कोमेमोस' म्हणजे आम्ही खातो, तिथे जोर सरकून 'मे'वर येतो. त्यांनी भजनाचा टाळ काढला आणि जोराच्या जागी ठण्णकन वाजवला. "माग आन् भाषा सारखीच, बाई. ठोका चुकला की धागा तुटला!" मग दात घासून झाले की टाळ, जेवून हात धुतले की टाळ. दूधवाला विचारायचा, "आजोबांच्यात रोजच एकादशी हाय काय?" माझ्या शिस्तीच्या घरातसुद्धा सगळे त्या ठेक्यावर चहा ढवळू लागले.

नात आली ती बावरलेली. दिवसभर तिने घास तोंडात घेतला नाही. मी भेटायला गेले, तर आजोबा भाकरीचा तुकडा धरून तिच्यापुढे उभे. पोर घाबरेल म्हणून आजींनी टाळ लपवला होता. 'खा' एवढंच म्हणायचं होतं, पण टाळाविना शब्द फुटेना. शेवटी त्यांनी ताटातल्या दोन वाट्या उचलल्या आणि एकमेकींवर आपटल्या. "को-मे!"

पोरगी दचकली, मग खुदकन हसली. तिने वाट्या हिसकावून घेतल्या आणि वाजवल्या. "को-मो!"

"खाते म्हणाली, बाई! लई मोठ्यानं म्हणाली!"

सुट्टी संपली, ती गेली. पुढे रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळी भिंतीपलीकडून वाट्यांवर एकच शब्द वाजायचा, "को-मे-मोस." आम्ही जेवतो. ताटं दोनच असायची. पण मधल्या ठोक्यावर ते जरा जास्तच रेंगाळायचे, जणू कुणीतरी हात धुऊन यायचं राहिलंय.