फिका गुलाबी

"पुन्हा सरबत!" मी ओरडलेच. पल्लवीच्या फ्लास्कमध्ये गडद गुलाबी पाणी. बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा तीन दिवसांवर, आणि ही हुशार पोरगी टायट्रेशनमध्ये सलग चौथ्यांदा चुकली होती.

"मॅडम, मले नाही जमत. परीक्षेले येतच नाही मी."

तिला बीएस्सीला जायचं होतं. घरात बारावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच.

टायट्रेशन तसं सोपं. फ्लास्कमध्ये आम्ल असतं, किती तीव्र ते ठाऊक नसतं. वर ब्युरेट, म्हणजे खुणा केलेली, तोटीची काचनळी. तिच्यात तीव्रता ठाऊक असलेलं अल्कली. आम्लात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब घालायचे आणि अल्कली थेंबथेंब सोडायचं. आम्ल संपलं की फिका गुलाबी रंग येऊन टिकतो. हाच एंड पॉइंट, तिथेच तोटी बंद. लागलेल्या अल्कलीवरून आम्लाची तीव्रता काढतात. पुढे गेलात की सगळं मुसळ केरात.

"फिका दिसला की थांबत का नाहीस?"

"फिका म्हणजे खराब वाटते जी. माय मोहाडीच्या बाजारात मासे विकते. गिऱ्हाईक आधी माशाचा कल्ला उघडून पाहते. लालभडक असन तर ताजा. फिका गुलाबी दिसला का गिऱ्हाईक पुढे."

मला हसू आलं, मग लाज वाटली. वीस वर्षं मी फिका गुलाबी शिकवतेय. कुणाच्या घरी तो रंग काय सांगतो, हे कधी विचारलं नव्हतं.

"बरं, तुमच्या तळ्यात मासोळीचं बीज, ती बारकी पिल्लं, कशी सोडता?"

"एकदम नाही. बीजाच्या पिशवीत तळ्याचं पाणी थोडं थोडं मिसळवा लागते. घाई केली का बीज मरते."

"मग हात तोच ठेव. डोळे तेवढे माझे घे."

त्या दिवशी तीनदा केलं तिनं. तिन्ही रीडिंग सारखी. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, घेतलंही.

परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी तिचा फ्लास्क पांढऱ्या टाइलवर ठेवून निरखला. "एवढा फिका? टाक अजून एक थेंब."

माझा जीव टांगणीला.

"नाही सर," पल्लवी म्हणाली. "आम्ल संपलं. आता टाकला तर चुकन."

सर हसले आणि त्यांनी मार्क लिहिले.

निकालाच्या दिवशी तिची माय पळसाच्या पानात रोहू घेऊन आली. माझ्यासमोर कल्ला उघडला. "पाहा मॅडम, लाल आहे. इथं फिका चालत नाही."

आता दर वर्षी मी मुलांना आधी विचारते, तुमच्या घरी फिका गुलाबी चांगला की वाईट? ब्युरेट त्यानंतर भरते.