गिअर पडला होता, गाडी हलली नाही

गाडी गॅरेजमध्ये आली की पुढची लिंबू-मिरची मी आधी कापून टाकतो. कामात हाताला येते. गिऱ्हाइकं कुरकुरतात, मी ऐकत नाही. तेव्हा खालचं वाचून मला भोळसट ठरवू नका... सोलापुरात इतकी वर्षं ऑटोमॅटिक गाड्यांची कामं करतोय, आणि गाडी कारणाशिवाय काही करत नाही, हे लोकांना मीच सुनावत आलोय.

ही गाडी माझ्या आत्तेभावाची, दत्ताची. वळसंगला राहतो, शाळेत मास्तर आहे. डावा पाय अधू, म्हणून जुनी ऑटोमॅटिक घेतली. तक्रार अशी की सकाळी रिव्हर्स किंवा ड्राइव्ह टाकला की गाडी लगेच उचलत नाही. जरा थांबते, मग धक्का देऊन निघते. माझ्याकडे आणली की मात्र शहाण्यासारखी वागायची, कारण तोवर ऑइल गरम झालेलं असायचं. असला दोष पकडायचा तर गाडी बराच वेळ उभी हवी — ऑइल खाली उतरतं, प्रेशर उशिरा तयार होतं. म्हणून मी फोनवर बजावलं की रात्रीपासून गाडी अजिबात हलवू नकोस, मी उद्या दुपारी येतो.

मे महिना होता. अंगणात झाड नाही, गाडी कुंपणाकडे तोंड करून उन्हात तापत उभी. आत गेलो तर आत्याने चहा टाकला. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. आता तिला अजिबात ऐकू येत नाही, आम्ही तिच्याशी खुणांनीच बोलतो. चहा होतोय तोवर लाईट गेली. आत्या आत स्वयंपाकघरातच आहे असं समजून आम्ही दोघं बाहेर आलो आणि सरळ गाडीत बसलो.

डॅशबोर्डखाली वाकून स्कॅनर जोडला, त्यात बराच वेळ गेला. मग गाडी चालू केली, ब्रेक दाबून रिव्हर्स टाकला. थोडा वेळ काहीच नाही. मग स्क्रीनवर प्रेशर चढलं, गिअर पडला, इंजिनावर लोड आलेला पायाला कळला. दोष सापडला म्हणून मी खूश! ब्रेक सोडला. गाडी जागची हलली नाही.

हँडब्रेक बघितला, खाली होता. थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला. इंजिन घुमलं, गाडी थरथरली... पण इंचभर मागे नाही. मला रागच आला. दत्ता म्हणाला, "दादा, असं कदीच झालं न्हाई. आजून जरा दाबून बग की."

मी जोरात दाबायला पाय उचललासुद्धा. पण चाकाला दगड लागला असेल आणि उगाच गिअरबॉक्स जाळून बसेन, म्हणून गाडी पार्कमध्ये टाकली आणि बघायला उतरलो.

मागे आत्या बसली होती. पोत्यावर, गाडीकडे पाठ करून, चिंचा फोडत. दिवसभर गाडी न हलल्यामुळे अंगणात तेवढीच सावली होती. ती मीच करून ठेवलेली.

माझी सावली अंगावर पडली तशी तिने वर बघितलं. "झालं का रं काम? आत लई उकडतंय, हितं बरं हाय."

तिला धरून उठवलं, ओट्यावर नेऊन बसवलं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. पन्नाशीचा माणूस! ती बिचारी विचारत राहिली, काय झालं, कुणी काय बोललं का.

मग परत गाडीत बसलो. बाकी काहीही बदललं नव्हतं. रिव्हर्स टाकला, ब्रेक सोडला... आणि अ‍ॅक्सिलरेटरला पाय लागायच्या आत गाडी मागे गेली. चाक पोत्यावरून गेलं, चिंचा चिरडल्या.

पुढे गिअरबॉक्स उघडला. आतलं एक सील कडक झालं होतं, ते बदललं. उशिरा गिअर लागण्याचं कारण सापडलं, दत्ताची तक्रार मिटली. पण प्रेशर असताना, गिअर लागलेला असताना, वर अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर गाडी का हलली नाही, याचं कारण त्या गिअरबॉक्समध्ये मला मिळालं नाही. दोन जाणकारांना विचारलं. ते म्हणाले, तुझी बघण्यात चूक झाली असेल.

असेलही. माझी चूक असेल तर मला ती आयुष्यभर सापडू नये. काल वळसंगला गेलो होतो, आत्याने जेवायला थांबवून घेतलं.