टँकरचा ढिला व्हॉल्व्ह

"गोळ्या बंद केल्या? कोणाला विचारून?" मी ओरडलेच.

बब्रुवानमामा टेबलाला धरून धापा टाकत होते. डोळे पिवळेजर्द. उत्तर त्यांच्या बायकोनं, कौसाबाईंनी दिलं. "मॅडम, तुमीच म्हनलात, गोळीनं व्हॉल्व्ह ढिला हुतो. ह्यांना ढिला व्हॉल्व्ह चालंल का?"

मी कपाळाला हात लावला.

मामा धारूरकडच्या एका दूध संघाचे टँकर ड्रायव्हर. दुष्काळात दूध आटलं, तेव्हा संघानं तोच टँकर धुऊन पाण्याला लावला. मामांचं शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडत सुटलं होतं. गोळीतलं स्टेरॉईड ही मोडतोड थांबवतं. शिवाय आणखी एक काम करतं. तांबडी पेशी ऑक्सिजन वाहून नेते, पण नुसता नेऊन काय उपयोग, सोडायला नको? स्टेरॉईडनं पेशीतलं एक रसायन वाढतं आणि तिची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. हे समजवायला मी मोठ्या हौसेनं उपमा दिली होती. पेशी म्हणजे टँकर, ऑक्सिजन म्हणजे पाणी, गोळीनं व्हॉल्व्ह ढिला.

मामांना दिसला घाटभर गळत निघालेला टँकर.

"समदा ऑक्सिजन रस्त्यातच सांडला, तर डोस्क्यापर्यंत काय पोचंल?" ते धापा टाकत म्हणाले. "ढिल्या व्हॉल्व्हपायी मी दोन क्लीनर हाकललेत!"

"अहो, अशा एकदम गोळ्या सोडल्यात तर तुम्हीच घरापर्यंत पोचणार नाही!"

मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. रक्त फारच उतरलं होतं. लगेच भरती केलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पण हा गडी गोळी गालात धरून बसला. गिळेचना.

शेवटी मी विचारलं, "मामा, वस्तीवर गेल्यावर व्हॉल्व्ह जाम झाला तर काय करता?"

"ग्रीस लावतो की."

"मग ही गोळी म्हणजे ग्रीस. रस्त्यात थेंब सांडत नाही. वस्तीवर गेलं की व्हॉल्व्ह झटकन उघडतो."

मामांनी कौसाबाईंकडे मान वळवली. "अगं, पानी दे की! बगत काय बसलीस?"

रक्त हळूहळू वाढलं. गोळ्या मी टप्प्याटप्प्यानं कमी केल्या. मामा पुन्हा घाट चढू लागले. आणि एक दिवस संघाचे चेअरमन दवाखान्यात हजर. तपासलं तर ठणठणीत.

"तपासणी ऱ्हाऊ द्या मॅडम. लई थकवा हाय. बब्रुवानला लावलं ते ग्रीस मलाबी लावा."

तेव्हापासून उपमा मी फक्त नाश्त्याला करते. पेशंटला गोळी देते, आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहते.