देवाची कोंबडी आणि माझा अर्ज

नोटीस आईच्या नावानं आली. आवारात विनापरवाना कोंबड्या पाळल्या आहेत, सात दिवसांत हटवा. नगरपरिषदेसमोर दिवसभर मोकाट डुकरं फिरतात. त्यांना कोणी नोटीस देत नाही.

कोंबड्या पाच होत्या. चार आईनं कोणालाही दिल्या असत्या. पाचवी, अजून अंड्यावर न आलेली काळी तलंग, तिनं गावाकडच्या देवाला बोललेली होती. आमच्या देवाला विकतची कोंबडी चालत नाही, घरच्या तांदळावर वाढलेलीच लागते. पूजेत तिनं पुढ्यातले दाणे टिपले, तरच देवानं मानलं.

अर्ज मी लिहिला. बाबा मोर्च्यांतून आणायचे त्या पत्रकांवर मी वाचायला शिकले, साधा शब्द माझ्या हाताला येत नाही. 'परंपरागत कुक्कुटपालनाच्या हक्कावरील हल्ल्याचा तीव्र निषेध,' असं ठोकून दिलं. आई म्हणाली, कोंबडी आहे एवढंच लिही. मी ऐकलं नाही.

नगरपरिषदेतल्या बाबूनं 'कुक्कुटपालन' या शब्दाखाली लाल रेघ मारली.

"बाई, हा तर धंदा झाला. तुम्हीच लिहून दिलं. वस्तीत धंद्याले परवानगी नाई."

"भाऊ, धंदा नाई. देवाची आहे," आई म्हणाली.

त्यानं छापील फॉर्म पुढे सरकवला. पाळण्याचा उद्देश: अंडी किंवा मांस. तिसरा रकाना नव्हता. देव कुठे लिहायचा, मी विचारलं. तो म्हणाला, साहेबांना विचारा. साहेब दौऱ्यावर. नियम दाखवा म्हटलं, तर नियमाची प्रतही साहेबांच्या कपाटात. मी आवाज चढवला, तेव्हा आईनंच मला हाताला धरून बाहेर काढलं.

सातव्या दिवशी चार कोंबड्या मामाच्या गावी गेल्या. काळीला टोपलीत घालायच्या आधी आईनं मला नोटीस पुन्हा वाचायला लावली. एका शब्दावर थांबवलं.

"आवार म्हणजे अंगणच ना? घरात नको, असं कुठी लिहिलं आहे?"

कुठेच नव्हतं. इतकी वर्षं छापील कागद वाचून मला ते दिसलं नव्हतं.

तेव्हापासून काळी स्वयंपाकघरात आहे, पायाला सुतळी. ना माती, ना ऊन. आई रोज सकाळी तिच्यापुढे चार दाणे टाकते आणि बघत बसते. कालपासून ती टिपत नाही. मी नवा अर्ज लिहायला बसले, तर आईनं कागद ओढून घेतला आणि काळीखाली अंथरला.